थकलेल्या झोतांचा माग : कल्याण ते खोडद

कल्याण म्हटले की दुर्गाडी किल्ला आठवतो, खाडी आठवते, जंक्शनवरची गर्दी आठवते. १९६५ साली याच कल्याणच्या परिसरात १.८ मीटर व्यासाच्या ३२ डिशा रांगेने उभ्या राहिल्या आणि सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपू लागल्या, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, म्हणजे टीआयएफआरची, ही पहिली रेडिओ दुर्बीण. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदरात उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला जाई. आपल्याकडचे रेडिओ खगोलशास्त्रही कल्याणहून निघून अखेर जुन्नर तालुक्यातच स्थिरावले. फक्त त्याने वाटेत उटीचा मोठा वळसा घेतला.

त्या वाटेचा हा इतिहास आहे. त्याच्या जोडीला मुंबईतून निघालेली दुसरीही एक वाट आहे, ती फुग्यांवरून आणि उपग्रहांवरून वर गेलेल्या क्ष-किरण खगोलशास्त्राची. या दोन वाटा कृष्णविवरांपाशी एकमेकींना भेटतात. कागदपत्रे, शोधनिबंध आणि या मंडळींच्या आठवणी गेली काही वर्षे वाचत असताना माझे एक मत बनत गेले, ते आधीच सांगून टाकतो. पैसा कमी असलेल्या देशाने लांब तरंगलांबीच्या रेडिओ लहरींचा रस्ता धरला. त्या वेळी तो बराचसा सोयीचा रस्ता होता. पण विझत चाललेले झोत आणि अतिदूरच्या दीर्घिका दिसायच्या तर त्याच रस्त्याने दिसतात, हे पुढे सिद्ध झाले. आणि या रस्त्यासाठी जी शांतता लागते तिची किंमत कोणी द्यायची, हा प्रश्न आज उघडा पडला आहे.

सिडनीच्या मोडीतून

कल्याणच्या डिशा मुळात ऑस्ट्रेलियाच्या. सिडनीजवळ पॉट्स हिल येथे ख्रिस ख्रिश्चनसेन या शास्त्रज्ञाने सूर्याच्या निरीक्षणासाठी त्या उभारल्या होत्या. १९५३ साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतून गोविंद स्वरूप आणि आर. पार्थसारथी हे दोन तरुण तिथे शिकायला गेले. स्वरूप उत्तर प्रदेशातल्या ठाकूरद्वाराचे, १९२९ सालचा जन्म, शिक्षण अलाहाबादचे. ख्रिश्चनसेन नवी, मोठी दुर्बीण बांधायला घेत होते, त्यामुळे जुन्या डिशा निकामी होणार होत्या. त्या भारताला देता येतील का, असे स्वरूप यांनी विचारले आणि ऑस्ट्रेलियन संस्थेने होकार दिला.

डिशा भारतात यायला वेळ लागला. तोवर स्वरूप अमेरिकेला गेले आणि स्टॅनफर्डला रॉन ब्रेसवेल यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. १९६१ साली परदेशात असलेल्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी, स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन यांनी, मायदेशातल्या संस्थांना एक संयुक्त प्रस्ताव पाठवला: आम्ही परत यायला तयार आहोत, मिळून एक गट उभारू द्या. होमी भाभांनी १९६२च्या आरंभी तारेने होकार कळवला. स्वरूप १९६३ साली टीआयएफआरमध्ये रुजू झाले आणि दिल्लीत पडून असलेल्या त्या डिशा कल्याणला आल्या.

२४ डिशा पूर्व-पश्चिम ६३० मीटर रेषेत, ८ डिशा दक्षिणोत्तर २५६ मीटर रेषेत, वारंवारता ६१० मेगाहर्ट्‌झ. या मांडणीने शांत सूर्याच्या प्रभामंडळाचा अभ्यास केला. त्याचे तापमान सुमारे दहा लाख अंश असल्याचे त्यातून दिसले. काम मोलाचे होते, पण त्याहून मोलाचे होते ते त्यातून तयार झालेले हात. अँटेना जोडणे, क्षीण संकेत वाढवणे, केबलची लांबी मोजणे, हे सगळे इथल्या तरुणांनी या जुन्या सामानावर शिकून घेतले.

उटीचा उतार आणि एकाच संस्थेतला वाद

पुढची दुर्बीण मात्र संपूर्ण इथली. निलगिरीत उटीजवळ ११ अंश उताराची एक टेकडी स्वरूप यांच्या गटाने शोधून काढली. ११ अंशच का, तर त्या ठिकाणाचे अक्षांश तेवढेच आहेत. दक्षिणोत्तर उतरणाऱ्या अशा टेकडीवर लांब दुर्बीण ठेवली की तिचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर होतो. मग ती एकाच आसाभोवती हळूहळू फिरवली की आकाशातला स्रोत साडेनऊ तास नजरेत राहतो. एरवी ज्यासाठी महागडी यंत्रणा लागली असती, ते काम डोंगराच्या उताराने केले. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, आणि परावर्तक पृष्ठभाग म्हणून पोलादाच्या ११०० बारीक तारा. १९७० साली ही दुर्बीण काम करू लागली.

तिचे मुख्य तंत्र होते चंद्राने केलेले पिधान. चंद्र सरकता सरकता एखाद्या रेडिओ स्रोताला झाकतो, तेव्हा संकेत ज्या पद्धतीने मावळतो त्यावरून त्या स्रोताचे स्थान आणि कोनीय आकार काढता येतो. अशा रीतीने उटीने शेकडो दूरच्या रेडिओ दीर्घिकांचे आणि क्वेसारांचे आकार मोजले. १९७५ साली स्वरूप आणि विजय कपाही यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केले. स्रोत जितके मंद, म्हणजे सरासरीने जितके दूर, तितके ते लहान दिसतात. पण ते ज्या प्रमाणात लहान होत जातात, त्याचा मेळ ‘विश्व सदासर्वकाळ असेच होते’ या कल्पनेशी बसत नाही. पूर्वीच्या काळी रेडिओ दीर्घिका संख्येने जास्त आणि आकाराने लहान होत्या, असे मानावे लागते. म्हणजे विश्वाला इतिहास आहे.

मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे. विश्व स्थिर-स्थितीत आहे या सिद्धांताचे एक मोठे पुरस्कर्ते जयंत नारळीकर. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी असताना, मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून या सिद्धांतावर केलेला हल्ला परतवण्याचे काम त्यांनी केले होते. तेच नारळीकर १९७२ साली टीआयएफआरमध्ये आले. म्हणजे स्थिर विश्वाचा एक खंदा वकील आणि त्याच्या विरोधात पुरावा गोळा करणारा गट, दोघेही एकाच संस्थेत. त्यातून कोणाची वाट अडवली गेली नाही. पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारात नारळीकरांची आयुका आणि स्वरूप यांचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र शेजारी शेजारी उभे राहिले. मतभेद असूनही शेजार टिकवण्याची ही परंपरा आपल्या विज्ञानाच्या इतिहासात अधोरेखित करण्यासारखी आहे.

लांब लहरी काय सांगतात

आता थोडे विज्ञान, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रात सूर्याच्या लक्षावधी ते अब्जावधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्याच्याभोवती वायूची फिरती चकती जमते. त्यातले काही द्रव्य आत पडते, काही मात्र चुंबकीय क्षेत्रांच्या जोराने दोन विरुद्ध दिशांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फेकले जाते. हेच झोत. ते दीर्घिकेच्या बाहेर लाखो प्रकाशवर्षे पसरतात आणि टोकाला फुग्यासारखे ढग तयार करतात.

या ढगांतले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राभोवती घिरट्या घालत रेडिओ लहरी सोडतात. ज्याची ऊर्जा जास्त, तो इलेक्ट्रॉन ती झपाट्याने उधळतो आणि त्याच्या लहरी आखूड असतात. म्हणून कृष्णविवराने झोत सोडणे थांबवले की आखूड लहरी आधी विझतात. लांब लहरी सोडणारे मंद इलेक्ट्रॉन कोट्यवधी वर्षे धुगधुगत राहतात. चुलीतला जाळ विझला तरी राखेखाली निखारा राहावा, तसे. तरुण झोत कोणत्याही रेडिओ दुर्बिणीला दिसतो. म्हातारा झोत पाहायचा तर मीटरभर लांबीच्या लहरीच ऐकाव्या लागतात.

क्ष-किरणांची साक्ष वेगळी. दीर्घिकासमूहांमध्ये दीर्घिकांच्या मधली जागा कोट्यवधी अंश तापलेल्या विरळ वायूने भरलेली असते, आणि हा वायू क्ष-किरणांत चमकतो. झोतांनी त्या वायूत पोकळी पाडली तर क्ष-किरण चित्रात तिथे काळा डाग दिसतो. पोकळीचे आकारमान आणि भोवतालच्या वायूचा दाब कळला की ती पाडायला किती ऊर्जा लागली याचा हिशेब मांडता येतो. थोडक्यात, क्ष-किरण खड्डा दाखवतात आणि रेडिओ लहरी तो कशाने भरला आहे ते दाखवतात. एकाच साक्षीवर निकाल देऊ नये, हा न्याय आकाशालाही लागू आहे.

फुग्यावरून उपग्रहावर

क्ष-किरणांची अडचण अशी की वातावरण ते अडवते. आपल्या सुदैवाने ते अडवते, नाहीतर सजीव राहिले नसते. पण खगोलशास्त्रज्ञाला त्यामुळे वर जावे लागते. सौरमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत, वृश्चिक राशीतला, १९६२ साली रिकार्डो जियाकोनी यांच्या गटाने रॉकेटवरून शोधला. टीआयएफआरजवळ रॉकेट नव्हते, पण विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी भाभांच्या काळापासून प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे बनवण्याचे आणि सोडण्याचे कसब होते. बी. व्ही. श्रीकांतन यांच्या गटाने तेच कसब क्ष-किरणांकडे वळवले. १९६८ पासून हैदराबादहून फुगे सुटू लागले आणि त्यांनी वृश्चिकेतल्या त्या स्रोताची निरीक्षणे घेतली. फुगा जेमतेम ४० किलोमीटर वर जातो, तिथे जास्त ऊर्जेचे क्ष-किरणच पोहोचतात, आणि काही तासांत खेळ संपतो. तरीही याच फुग्यांवर एक पिढी तयार झाली.

त्या पिढीने २१ मार्च १९९६ रोजी आयआरएस-पी३ उपग्रहासोबत आपली क्ष-किरण उपकरणे कक्षेत पाठवली. उपग्रह मुख्यतः पृथ्वी न्याहाळण्यासाठी होता. ही उपकरणे त्याच्याबरोबर गेलेले पाहुणे म्हणा. त्यांनी गरुड तारकासमूहातल्या जीआरएस १९१५+१०५ या स्रोतावर लक्ष ठेवले. हे आपल्याच आकाशगंगेतले, सूर्याच्या सुमारे १२ पट वस्तुमानाचे कृष्णविवर. शेजारच्या ताऱ्याचे द्रव्य ओढून घेणारे आणि झोत सोडणारे. १९९७ साली या उपकरणांना त्याच्या क्ष-किरणांत एक ठेका सापडला: चमक वाढते, एकदम पडते, पुन्हा वाढते. चकतीचा आतला भाग रिकामा होतो आणि पुन्हा भरतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. जगभरच्या दुर्बिणींनी त्याच सुमारास दाखवून दिले की अशा पडझडीनंतर काही मिनिटांत रेडिओ लहरींचा भडका उडतो. म्हणजे आतले द्रव्य रिते होणे आणि झोत सुटणे यांचा संबंध आहे. महाकाय कृष्णविवरात ज्याला युगे लागतात, ते इथे चहा उकळण्याच्या वेळात घडते. जुन्नरजवळच्या नव्या रेडिओ दुर्बिणीनेही पुढे या स्रोताचे भडके टिपले.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी अ‍ॅस्ट्रोसॅट सुटला. त्यावरची क्ष-किरण उपकरणे घडवण्यात टीआयएफआर आणि आयुका यांचा मोठा वाटा होता. फुग्यापासून स्वतंत्र वेधशाळेपर्यंतचे अंतर ४७ वर्षांत कापले गेले.

खोडदची जाळी

रेडिओचा धागा आपण उटीला सोडला होता. १९८० च्या दशकात जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी आखूड लहरींकडे वळल्या होत्या, कारण आखूड लहरींत चित्र अधिक रेखीव येते. स्वरूप यांनी उलट दिशा धरली. मीटर लहरींचे क्षेत्र मोकळे पडले आहे, आणि तिथे डिश स्वस्तात बांधता येते, हा त्यांचा हिशेब. लहर लांब असेल तर परावर्तकाला सलग पत्रा लागत नाही. लहरीपेक्षा पुष्कळ बारीक भोके असलेली जाळी चालते. खोडदच्या डिशांना १० ते २० मिलिमीटर भोकांची, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड पोलादी तारेची जाळी आहे, आणि ती ताणलेल्या दोरखंडांनी आकारात धरलेली आहे. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडाही हलका. एकेका डिशेचा व्यास ४५ मीटर. अशा ३० डिशांचे क्षेत्रफळ जवळजवळ ४७ हजार चौरस मीटर भरते.

त्यांतल्या १४ डिशा खोडदजवळ एका चौरस किलोमीटरच्या परिसरात आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, शेतांमधून पसरलेल्या. दोन टोकांतले सर्वांत मोठे अंतर २५ किलोमीटर. जागा निवडताना पुण्याची जवळीक, वाऱ्याचा कमी वेग, डोंगरांचा आडोसा आणि मुख्य म्हणजे माणसाने केलेल्या रेडिओ गोंगाटाचा अभाव पाहिला गेला. जीएमआरटी या नावाने ती जगभर ओळखली जाते. स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात वारले, तोपर्यंत या दुर्बिणीने त्यांचा हिशेब बरोबर ठरवला होता.

त्याचे दोन दाखले देतो. जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्‌झवर जवळजवळ सगळ्या आकाशाची पाहणी केली. लांब लहरींत ठळक आणि आखूड लहरींत झपाट्याने मंद होणारे स्रोत बहुधा फार दूरचे असतात. अशा यादीतून २०१८ साली परदेशी अभ्यासकांनी एक रेडिओ दीर्घिका वेचली. तिचा प्रकाश सुमारे १२ अब्ज वर्षे प्रवास करून आला होता, आणि तोवर ठाऊक असलेली ती सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका ठरली.

दुसरा दाखला भुजंगधारी तारकासमूहातल्या दीर्घिकासमूहाचा, ३९ कोटी प्रकाशवर्षांवरचा. २०१६ साली चंद्रा वेधशाळेच्या क्ष-किरण चित्रांत, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाच्या उपग्रहाने घेतलेल्या चित्रांत, तापलेल्या वायूला एक विचित्र वळणदार कड दिसली. ही झोताने पाडलेल्या पोकळीची भिंत असेल काय, हा विचार त्या अभ्यासकांनी केला आणि सोडून दिला. इतकी मोठी पोकळी पाडायला लागणारी ऊर्जा अविश्वसनीय वाटत होती. मग सिमोना जियाचिंतुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका दुर्बिणीची आणि खोडदची मीटर लहरींतली निरीक्षणे त्या चित्रावर ठेवली. क्ष-किरणांतली भिंत जिथे वळत होती, नेमका तिथपर्यंत रेडिओ ढग पसरलेला होता. २०२० च्या फेब्रुवारीत जाहीर झालेला हा स्फोट तोवर माहीत असलेल्या अशा सर्वांत मोठ्या स्फोटाच्या पाचपट ऊर्जेचा होता. त्या पोकळीत आपल्यासारख्या १५ आकाशगंगा ओळीने मावतील. झोत केव्हाच थांबला आहे. उरला आहे तो फक्त निखारा. अभ्यासकांनी त्याला रेडिओ जीवाश्मच म्हटले आहे. आखूड लहरींच्या दुर्बिणींना तो निखारा दिसणे कठीण होते, आणि नुसत्या क्ष-किरणांवर विसंबलेल्यांनी तर ती शक्यता बाजूलाच ठेवली होती.

शांततेचा धनी कोण

मी मढला राहतो. बेटासारखे गाव, कोळीवाडा, वाळत घातलेली मासळी. मुंबईच्या मानाने इथे शांतता आहे असे लोक म्हणतात. रेडिओ लहरींच्या कानाने ऐकले तर इथे कल्लोळ आहे. मार्वे रस्त्यावर आकाशवाणीचे प्रक्षेपण केंद्र, होड्यांवरचे बिनतारी संच, पलीकडे विमानतळ, आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. चंद्रावर एक मोबाइल चालू करून ठेवला तर तो इथून रेडिओ आकाशातल्या ठळक स्रोतांत मोजला जाईल, इतके आकाशातले संकेत क्षीण असतात. १९६५ साली कल्याणला जे जमले ते आज तिथे जमणार नाही. शहर वाढले की रेडिओ शांतता आणखी दूर सरकते, आणि कधीतरी सरकायला जागा उरत नाही.

जुन्नर तालुक्यात हा प्रश्न रोजच्या जगण्याशी भिडला आहे. दुर्बिणीच्या आसपासच्या पट्ट्यात नवा उद्योग आणायचा तर आधी जीएमआरटीची संमती लागते. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेचा मार्ग नारायणगावच्या बाजूने जाणार होता. विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या ठिणग्या आणि संदेशयंत्रणा दुर्बिणीला घातक ठरतील, असा आक्षेप आला, आणि मार्ग दुसरीकडून नेण्याची भूमिका रेल्वेने घेतली. जुन्नर, आंबेगाव, खेड भागात त्याबद्दल नाराजी आहे. रेल्वेची वाट किती वर्षे पाहायची, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

या वादात दुर्बीण विरुद्ध शेतकरी अशी मांडणी सर्रास होते. ती मला पटत नाही. दुर्बिणीच्या डिशा शेतांच्या मधोमध उभ्या आहेत, त्यांच्या भोवती द्राक्षे आणि टोमॅटो पिकतात, आणि विज्ञान दिनाला खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनात शाळांच्या मुलांची रीघ लागते. गर्दीत फिरताना मी ऐकलेले प्रश्न ‘हे आमचे आहे’ अशा सुराचे होते. पण जी शांतता साऱ्या जगातले शास्त्रज्ञ वापरतात, ती राखण्याचा भार एकट्या तालुक्याने वाहावा हे न्यायाचे नाही. अभयारण्याच्या कडेच्या गावांना जसा मोबदला आणि पर्यायी रोजगार मिळायला हवा असे आपण म्हणतो, तसा विचार इथेही व्हायला हवा: गोंगाट न करणारे उद्योग, शेतमालासाठी शीतगृहे, चांगले रस्ते, दुर्बिणीच्या कामात स्थानिक मुलांना प्रशिक्षण. रेल्वे कोठून न्यायची हे तज्ज्ञ ठरवतील. ती न आल्याने जे तोटे होतील ते कोणाच्या खात्यावर टाकायचे, हे मात्र आपण सर्वांनी ठरवायचे आहे.

कल्याणच्या डिशा परक्याने टाकून दिलेल्या होत्या, उटीचा उतार डोंगराने दिला, खोडदची शांतता तिथल्या गावांनी दिली. पहिल्या दोन्हींचे उपकार शोधनिबंधांत नोंदले गेले आहेत. तिसऱ्याची नोंद सरकारी हिशेबात व्हायची आहे.